आधी बांधले, मग उभारले

१८५५ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या युद्धखात्याने इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याला विचारले, की इंग्लंडात तयार करून जहाजाने तुर्कस्तानात नेता येईल आणि तिथे झटपट उभारता येईल असे रुग्णालय तो करून देईल का. क्रिमियाचे युद्ध चालू होते. स्कुतारीच्या भल्यामोठ्या बराकीचे रुग्णालय केले होते आणि तिथे सैनिक जखमांपेक्षा ज्वर, हगवण आणि पटकी यांनीच अधिक मरत होते. बराक भक्कम होती. तिच्याखालची गटारे मात्र तुंबलेली होती आणि दालनांत हवा खेळत नव्हती. ब्रुनेल तेव्हा ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाच्या कामात बुडालेला होता, तरी त्याने हे काम अंगावर घेतले आणि थोड्याच दिवसांत आराखडा पुढे ठेवला.

तो आराखडा आजही शांतपणे वाचावा असा आहे. ५० रुग्णांची एकेक लाकडी इमारत आणि अशा अनेक इमारतींना जोडणारी एक लांब, छप्पर असलेली वाट. जमीन उताराची निघो वा सपाट, तेवढ्याच भागांतून मांडणी बसली पाहिजे. कोणताही भाग दोन माणसांना उचलता येईल इतकाच. ऊन परतवण्यासाठी बाहेरून चकचकीत केलेल्या पातळ पत्र्याचे आवरण. दर इमारतीला हाताने फिरवायचा पंखा, म्हणजे वारा पडला तरी ताजी हवा खाटांपर्यंत पोहोचेल. शौचकुपे, हात धुण्याच्या जागा, सांडपाणी वाहून नेणारी लाकडी नळी हे सगळे त्याच खोक्यांतून जाणार होते. स्वयंपाकघर आणि धुलाईघर मात्र लोखंडी आणि लाकडी दालनांपासून सुटे, कारण आग लागली तर ती तिथेच थांबावी. पॅडिंग्टन स्थानकाच्या आवारात त्याने एक दालन आधी उभे करून पाहिले. नंतर सारे सामान डार्डनेल्सच्या काठावर रेन्कियोई इथे उतरले आणि जुलैपर्यंत ३०० रुग्णांची सोय झाली.

पहिले रुग्ण आले ते ऑक्टोबरमध्ये. पुढच्या वसंतात तह झाला. तेवढ्या काळात तेराशेच्या आसपास रुग्णांवर तिथे उपचार झाले आणि त्यांपैकी सुमारे ५० दगावले. स्कुतारीच्या सर्वांत वाईट महिन्यांशी हा आकडा ताडून पाहण्याची प्रथा आहे, पण ती तुलना सरळ नाही. दरम्यान स्कुतारीतली गटारेही साफ झाली होती आणि तिथले मृत्यूही घटले होते. मला या रुग्णालयाचे मोल दुसऱ्याच गोष्टीत दिसते. स्कुतारीत माणसे ज्या कारणांनी मेली, त्यांतले एकेक कारण घेऊन ब्रुनेलने इंग्लंडातल्या सुतारशाळेतच त्यावर उपाय करून ठेवला होता. जहाज निघण्यापूर्वी खाटेवरच्या माणसाचा विचार पुरा झाला होता.

या पुस्तकाचा विषय हाच आहे: सरकारसाठी आणि सैन्यासाठी, एका ठिकाणी बांधून दुसऱ्या ठिकाणी उभारलेल्या इमारती. आज त्यांना मॉड्युलर म्हणतात, प्रीफॅब म्हणतात, आणि साइटवरच्या बोलण्यात तर पोर्टा केबिनपासून सातमजली कचेरीपर्यंत सगळे ‘रेडिमेड’ या एका शब्दात जाते. या पद्धतीची जाहिरात नेहमी दिवसांच्या आकड्याने होते. इतक्या दिवसांत रुग्णालय, तितक्या दिवसांत छावणी. तो आकडा खोटा नसतो, पण इमारत चांगली की वाईट हे त्यावरून कळत नाही. ते ठरते आधी केलेल्या विचारावरून. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हेच एक मोजमाप हातात धरले आहे.

सुटे घर घेऊन सैन्याने हिंडायचे, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. अकबराच्या छावणीचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. एका मुक्कामाचे सामान न्यायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, आणि बादशहा एका मुक्कामी असताना तंबूंचा दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत फरासखाना होता. डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे यांची निगा राखणे, मोजदाद ठेवणे आणि मोहिमेला ते वेळेवर रवाना करणे हे त्याचे काम. पुण्यात त्याचे नाव आता एका पोलीस ठाण्यापुरते उरले आहे. पण राज्यकारभारात या कामासाठी स्वतंत्र खाते असावे लागते, हे त्या लोकांना उमगले होते. भाग कुठे ठेवले आहेत, त्यांतले किती धड आहेत, कोणता हरवला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे सुटे घर कधीच उभे राहत नाही.

विसाव्या शतकात या कामाला यंत्राची जोड मिळाली. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यातला अभियंता पीटर निसेन याने नालीदार पत्र्याची अर्धगोल झोपडी तयार केली. सहा माणसे ती चार तासांत उभी करत. पहिल्या महायुद्धातच अशा लाखभर झोपड्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ऱ्होड आयलंडच्या क्वॉन्सेट पॉइंटवर तिचीच धाकटी बहीण घडवली आणि ती दीड लाखाच्या वर बनली. या दोन्हींबद्दल इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून इथे मी त्यांत फार रेंगाळलेलो नाही.

रेंगाळलो आहे तो भागांच्या मापाशी. मॉड्युलर इमारतीच्या भागाचे माप वास्तुरचनाकार ठरवतो असे वाटते. खरे पाहता ते ठरवतो तो भाग उचलणारा हात, तो वाहणारा रस्ता आणि तो उतरवणारी क्रेन. डोनाल्ड बेली यांनी दुसऱ्या महायुद्धात जो पूल रचला, त्याचे पॅनेल १० फूट लांब आणि ५ फूट उंच, वजनाला सुमारे २६० किलो. सहा माणसे ते उचलून नेऊ शकतात आणि पुलाची पूर्ण रचना याच एका मर्यादेतून उगवते. क्रेन नाही, वीज नाही, तरीही काम अडत नाही. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरड कोसळली, चूरलमला आणि मुंडक्कई यांना जोडणारा पूल वाहून गेला, तेव्हा सैन्याच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने १९० फुटांचा बेली पूल दीड दिवसाच्या आत उभा केला. त्या तुकडीत पारनेर तालुक्यातल्या मेजर सीता शेळके होत्या. त्यांचे छायाचित्र महाराष्ट्रात घरोघर पोहोचले आणि ते पोहोचायलाच हवे होते. त्या छायाचित्रामागे ऐंशी वर्षांपूर्वी ठरलेले पॅनेलचे वजनही उभे आहे.

बेली पुलाची दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ब्रिटनमध्ये त्याचे भाग शेकडो कारखान्यांनी बनवले, आणि त्यांतले कितीतरी कारखाने पूल बांधणारे नव्हतेच. मापाचे साचे मात्र सर्वांना एकच दिले होते. एका कारखान्याच्या पॅनेलमध्ये दुसऱ्या कारखान्याची खीळ बसलीच पाहिजे, ही अट. म्हणून तो पूल कोणा एका कंपनीचा राहिला नाही. आज आपल्याकडे सरकारी खात्यांनी घेतलेल्या मॉड्युलर खोल्यांत ही अट क्वचितच दिसते. एका पुरवठादाराचा सांधा दुसऱ्याच्या भागाला बसत नाही. दहा वर्षांनी भिंतीचे एक पॅनेल खराब झाले आणि मूळ पुरवठादाराने ते काम सोडलेले असले, की छिन्नी-हातोडी आणि सिमेंटने डागडुजी करण्यावाचून मार्ग राहत नाही. सांध्याचे माप सरकारच्या मालकीचे असावे, असे माझे ठाम मत आहे, आणि तिसऱ्या प्रकरणात त्याची कारणे सविस्तर दिली आहेत.

प्रकारांची ओळख थोडक्यात करून देतो, म्हणजे पुढे वाचताना अडखळायला होणार नाही. काही इमारतींत फक्त सुटे भाग कारखान्यात होतात: खांब, तुळया, भिंतींची पॅनेले. काहींत अखंड खोलीच तयार होऊन येते. वायरिंग, नळ, फरशी, रंग सगळे झालेले, ट्रेलरवरून उतरवून एकीवर एक रचायची. या दोहोंच्या मधला मार्गही आहे, ज्यात सांगाडा जागेवर उभा राहतो आणि न्हाणीघरासारखी किचकट खोली तेवढी तयार येते. वेळ वाचतो तो मुख्यतः एका कारणाने. जागेवर पाया खोदला जात असतानाच दूर कुठेतरी खोल्या तयार होत असतात. एरवी पायाचे काँक्रीट पक्के झाल्याशिवाय भिंत सुरू होत नाही, भिंतीशिवाय स्लॅब नाही, आणि स्लॅबचे सेंट्रिंग निघाल्याशिवाय आतल्या कामाला हात लागत नाही.

पण म्हणूनच पाया काही मिलिमीटरनेही चुकून चालत नाही. गवंडी विटेच्या थरात जी चूक जिरवतो, ती तयार खोलीखाली जिरवायला जागाच नसते.

स्वतंत्र भारताच्या सरकारने या वाटेवर पहिले पाऊल टाकले ते फाळणीच्या लोंढ्यात. दिल्लीत निर्वासितांची घरे तातडीने हवी होती. १९४८ मध्ये ‘गव्हर्नमेंट हाउसिंग फॅक्टरी’ काढायचे ठरले. जर्मनीतून परागंदा होऊन भारतात आलेले वास्तुरचनाकार ऑटो कोनिग्सबर्गर तेव्हा केंद्राचे गृहनिर्माण संचालक होते. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची मोठी पॅनेले कारखान्यात काढायची आणि घरे जुळवायची, अशी ती योजना. पॅनेले तडकू लागली, उत्पादन बसेना, संसदेत आणि वर्तमानपत्रांत टीकेचे मोहोळ उठले, आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर देश सोडून गेले. कारखाना मात्र जगला. १९५३ मध्ये त्याचे नाव हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी झाले, १९७८ मध्ये हिंदुस्तान प्रीफॅब, आणि मधल्या काळात तो विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर बनवत राहिला. या अपयशाने आपल्या सार्वजनिक बांधकामाच्या मनात तयार भागांविषयी एक संशय कायमचा बसला, असे मला वाटते. वास्तविक त्यातून वेगळी शिकवण घेण्यासारखी होती. ब्रुनेलने एक दालन आधी उभे करून पाहिले होते. दिल्लीत गरजेचा रेटा एवढा होता, की नमुन्याच्या घराला पुरेसे उन्हाळे-पावसाळे दाखवण्याइतकी उसंत कोणालाच नव्हती.

सैन्याला मात्र या संशयाची चैन परवडणारी नव्हती. १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ झाले आणि तेव्हापासून सियाचीनवर आपले जवान बारमाही राहत आहेत. तिथे वाळू नाही, खडी नाही, पाणी द्रवरूपात नाही, आणि ओतलेले काँक्रीट घट्ट होण्याआधी गोठते. जे काही उभे राहायचे ते खालून तयारच आले पाहिजे. म्हणून फायबरग्लासच्या झोपड्या आल्या. अगदी उंचावरच्या चौक्यांपर्यंत चीता हेलिकॉप्टर फार थोडे ओझे नेऊ शकते आणि त्यापुढे माणसाची पाठ. फेब्रुवारी २०२१ मध्ये लडाखच्या सोनम वांगचुक यांनी सैन्यासाठी सूर्यउष्णतेवर चालणारा तंबू करून दाखवला, तेव्हा त्याचा कोणताही भाग ३० किलोंच्या वर जाणार नाही ही त्यांची पहिली अट होती. दहा जवानांचा तो निवारा. रात्री दहा वाजता बाहेर उणे १४ अंश असताना आत १५ अंश असल्याचे त्यांनी नोंदवले होते, आणि त्यासाठी आत रॉकेल जाळावे लागले नव्हते.

रॉकेल न जळण्याची ही बाब बारीक नाही. उंचावरच्या बहुतेक निवाऱ्यांत ऊब येते ती बुखारीने, म्हणजे रॉकेलच्या शेगडीने. बंदिस्त खोलीत बुखारीचा धूर कोंडला की झोपेतल्या माणसाला कळतही नाही. शिवाय हलक्या भिंतींत उष्णतारोधक म्हणून जो फोम भरतात, तो चांगल्या दर्जाचा नसेल तर आगीत विषारी धूर सोडतो. जुलै २०२३ मध्ये सियाचीनवर आग लागली. कॅप्टन अंशुमान सिंग या सैन्यातल्या डॉक्टरांनी फायबरग्लासच्या झोपडीत अडकलेल्यांना बाहेर काढले, आग उपचाराच्या निवाऱ्याकडे सरकल्यावर औषधे वाचवायला ते पुन्हा आत गेले, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. तयार निवाऱ्यांवर लिहिताना आगीचे प्रकरण शेवटी परिशिष्टात टाकण्याची पद्धत आहे. या पुस्तकात ते दुसरे प्रकरण आहे.

थंडीच्या प्रदेशात आणखी एक अडचण येते, जी पुणे-मुंबईच्या अभियंत्याला सहसा भेटत नाही. भिंतीच्या पॅनेलमध्ये कितीही चांगला फोम असला, तरी पोलादी चौकट बाहेरून आत अखंड गेली असेल तर ती थंडी आत ओढून आणते. त्या पट्टीवर माणसांच्या श्वासातला ओलावा साचतो, गोठतो, दिवसा वितळतो, आणि अंथरुणे ओली होतात. उपाय साधा आहे: आतली आणि बाहेरची चौकट एकमेकींना थेट टेकू द्यायची नाही, मध्ये उष्णता न वाहणारा तुकडा घालायचा. पण हा तुकडा कारखान्यातच घालावा लागतो. चौकीवर पोहोचल्यानंतर तो घालायला ना हत्यार असते, ना बोटांत जीव.

मला स्वतःला या सगळ्या विषयाची गोडी लागली ती अंटार्क्टिकामुळे, आणि पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण त्यावरच आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. दोन वर्षांनी, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या तिसऱ्या मोहिमेत, सैन्याच्या अभियंत्यांनी ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारले. तयार लाकडी भागांचे, समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर, एका अंटार्क्टिक उन्हाळ्याच्या आत. काम अवघड होते आणि त्यांनी ते चोख केले. पण हिमस्तरावरच्या इमारतीभोवती बर्फ साचतच जाते आणि ती हळूहळू आत गाडली जाते. दशक संपता संपता ते केंद्र सोडावे लागले.

दुसरे केंद्र ‘मैत्री’. ते शिर्माकर ओॲसिसच्या खडकावर बसवले आणि जमिनीपासून पायांवर उचलून धरले, म्हणजे वाऱ्याने येणारे बर्फ खालून निघून जावे. त्याची रचना केली पुण्याजवळ दिघी इथल्या संरक्षण संशोधन संस्थेने, ‘आर अँड डीई (इंजिनिअर्स)’ने, जी एरवी सैन्याचे पूल बनवते. खडकवासल्यापासून खडकीपर्यंत सैन्याच्या संस्था पाहत वाढलेल्या पुणेकरांनाही हे सहसा ठाऊक नसते. दहा वर्षे टिकेल अशा हिशेबाने केलेली ‘मैत्री’ तीस वर्षांहून अधिक काळ माणसांना निवारा देत आली आहे.

तिसरे केंद्र ‘भारती’, मैत्रीच्या पूर्वेला सुमारे ३,००० किलोमीटरवर, लार्समन टेकड्यांत. २०१२ च्या मार्चमध्ये ते सुरू झाले. त्याची कल्पना हॅम्बुर्गच्या वास्तुरचनाकारांची. १३४ मालवाहू कंटेनर. प्रवासात ते सामानाची पेटी होते, आणि पोहोचल्यावर तेच इमारतीचा सांगाडा झाले. त्यांच्याभोवती उष्णतारोधक आवरणाचे एक कवच चढवले, वारा कापणाऱ्या आकाराचे, आणि पुन्हा सगळे पायांवर उचललेले. मुख्य इमारतीत ४७ जणांची राहण्याची सोय आहे. वीज देणाऱ्या जनित्रांची वाया जाणारी उष्णताच खोल्या उबदार ठेवते. अंटार्क्टिका कराराच्या पर्यावरणविषयक नियमांप्रमाणे, काम संपल्यावर इमारत जागेवरून पूर्ण काढून नेता आली पाहिजे, हेही आराखड्यातच बसवलेले आहे. केंद्राचा कारभार गोव्यातल्या वास्को इथून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

ही तीन केंद्रे ओळीने पाहिली, की तीस वर्षांत विचार कुठून कुठे आला ते दिसते. पहिल्यात इमारत हलकी होती, पण जागेचा स्वभाव पुरता समजला नव्हता. दुसऱ्यात जागा समजली. तिसऱ्यात इमारतीचा प्रवास, वास्तव्य आणि निरोप या तिन्हींचा आराखडा एकत्र झाला. ब्रिटिशांचे ‘हॅली-६’ हे केंद्र त्याच सुमाराला आठ भागांत, प्रत्येक भाग स्कीच्या पायांवर, असे उभे राहिले होते. बर्फाला भेग पडू लागल्यावर त्यांनी भाग सुटे करून ट्रॅक्टरने २३ किलोमीटर आत नेले आणि पुन्हा जोडले. आता ‘मैत्री’च्या जागी नवे केंद्र येणार आहे. त्याचे आराखडे होत असताना आपल्या तिन्ही केंद्रांचा अनुभव मांडून ठेवावा, असे मला वाटले.

उलट टोकाला शहरातल्या घाईची उदाहरणे आहेत. कोरोनाच्या पहिल्या लाटेत दिल्ली छावणीत डीआरडीओने १,००० खाटांचे रुग्णालय १२ दिवसांत उभे केले. त्यात अतिदक्षतेच्या २५० खाटा होत्या आणि जुलै २०२० पासून सैन्याच्या वैद्यकीय सेवेने ते चालवले. २०२२ च्या मार्चमध्ये बंगळुरूत डीआरडीओचीच सातमजली इमारत ४५ दिवसांत झाल्याची बातमी आली. त्या बातमीत आणखी दोन तारखा होत्या, ज्या मथळ्यात आल्या नाहीत. पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली होती आणि प्रत्यक्ष उभारणी १ फेब्रुवारीला सुरू झाली. मधल्या काळात आराखडे तपासले जातात, भाग कापले-जोडले जातात, ते लागण्याच्या क्रमाने गाड्यांवर चढतात. मला हे ४५ दिवस कमी लेखायचे नाहीत. पण एखाद्या जिल्हाधिकाऱ्याने तो मथळा वाचून ‘आम्हालाही दीड महिन्यात द्या’ असे म्हटले, आणि आधीचे महिने कोणालाच दिले नाहीत, तर हाती येते ती उन्हाळ्यात तापणारी आणि पावसाळ्यात गळणारी पेटी. आपल्याकडच्या कितीतरी अंगणवाड्या, पोलीस चौक्या आणि तात्पुरत्या कचेऱ्या अशाच झाल्या आहेत, आणि त्यामुळे सगळ्या पद्धतीचे नाव खराब होते.

सरकारी कामाची रीतच या पद्धतीच्या आड येते, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. सार्वजनिक बांधकामात पैसे मिळतात मोजमाप पुस्तकातल्या नोंदीवर. शाखा अभियंता जागेवर जातो, झालेले काम टेपने मोजतो, नोंद करतो आणि चालू देयक तयार होते. ही पद्धत जुनी आहे आणि लबाडीला आळा घालण्यासाठी ती चांगलीच आहे. पण मॉड्युलर कामात मोठा खर्च कारखान्यात होतो, आणि जागेवर त्या काळात फक्त पाया दिसतो. पोलादाचे, पॅनेलचे, मजुरीचे पैसे आधी ओतायचे आणि इमारत उभी राहिल्यावर देयक मागायचे, हे ज्याला झेपते असे पुरवठादार मोजकेच उरतात. मग निविदेत स्पर्धा राहत नाही आणि दर चढतात. यावर उपाय आहेत. कारखान्यात जाऊन तपासणी करायची, बँक हमी घेऊन टप्प्याने पैसे द्यायचे. मात्र त्यासाठी अभियंत्याला कारखान्यातली वेल्डिंग पारखता आली पाहिजे, आणि त्याचे आजवरचे शिक्षण विटा, वाळू आणि सळईचे असते.

दुसरी अडचण बदलाची. आपल्याकडे इमारत निम्मी झाल्यावरही दालनाची मांडणी बदलते. खातेप्रमुख बदलले की प्रवेशद्वार दुसरीकडे सरकते. विटेच्या भिंतीत ते खपून जाते. तयार खोलीला मात्र एकदा कारखान्यात आकार मिळाला की तिथे दार फोडणे म्हणजे चौकटीची ताकद कापणे. ज्या अधिकाऱ्याला इमारत वापरायची आहे, त्याने सगळे निर्णय कामाच्या आरंभीच घ्यावेत आणि त्यांवर सही करून थांबावे, ही या पद्धतीची सर्वांत कठीण मागणी आहे.

आणि तिसरी गोष्ट, जिने मला हे पुस्तक लिहायला भाग पाडले. सरकार ज्या इमारतीला तात्पुरती म्हणते ती तात्पुरती राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावणी बांधली. दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना त्याच बराकींत आसरा मिळाला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांच्या काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या खोल्यांत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या, आणि आजही तिथला पत्ता कॅम्प नंबरने सांगितला जातो. ब्रिटनने १९४४ नंतर बेघरांसाठी दीड लाखावर तयार घरे बांधली, दहा वर्षांच्या बोलीने. त्यांतल्या काहींत साठ वर्षांनंतरही माणसे राहत होती. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्याकडच्या लोकांनी पत्र्याच्या शेडमधले उन्हाळे काढले, ते ज्यांनी सोसले त्यांना सांगायला नको. तेव्हा तात्पुरत्या निवाऱ्याचा आराखडा करताना त्यात कोणी वीस वर्षे राहणार आहे असे धरूनच तो करावा. छत थोडे उंच, दोन समोरासमोर खिडक्या, पत्र्याखाली हवेची पोकळी, गटाराला उतार. या गोष्टींचा खर्च कारखान्यात अल्प असतो आणि नंतर तो करायला कोणी येत नाही.

पुस्तकातली शेवटची दोन प्रकरणे मुख्यतः शासकीय अभियंत्यांसाठी आणि एमईएस या सैन्याच्या बांधकाम सेवेतल्या वाचकांसाठी आहेत. त्यांत सांधे, पाया, वाहतुकीची मापे आणि निविदेचे मसुदे आहेत. सामान्य वाचकाने ती वगळली तरी हरकत नाही. शाळांच्या इमारतींवर स्वतंत्र प्रकरण करता आले नाही, ती उणीव आहे. अभियंत्यांकडे मात्र एक मागणी करतो. मोजमाप पुस्तकात भिंतीची लांबी, रुंदी, उंची येते. ताबा दिल्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता आत किती अंश होते, पहिल्या पावसात कोणता सांधा गळला, पहिल्या हिवाळ्यात कोणत्या भिंतीला ओल आली, याची नोंद कुठेच होत नाही, आणि म्हणून पुढच्या निविदेत तीच चूक पुन्हा छापली जाते. ताब्यानंतर वर्षभर ही नोंदवही ठेवणे कंत्राटाचाच भाग करावे आणि सुरक्षा अनामत ती भरून आल्यावरच परत करावी. तिचा एक नमुना परिशिष्टात दिला आहे. तो कोणत्याही खात्याने जसाच्या तसा उचलावा.